कृषीच्या पागे मॅडम

आमच्या शाळेत कृषी हा विषय कुणी घेत नसे. तो मिळत असे. दहावीचा निकाल लागला की चांगल्या मार्कांची मुलं गणिताला जात, त्याखालची जीवशास्त्राला, त्याखालची कॉमर्सला. सगळीकडून नकार मिळाल्यावर जी मुलं ऑफिसच्या व्हरांड्यात बापाच्या मागे उभी राहिलेली दिसत, त्यांना बाबू मान वर न करता सांगून टाकायचा, "जाओ, एग्री में बैठ जाओ." ती मुलं मग मैदान ओलांडून शाळेच्या मागच्या बाजूला जात. तिथे पत्र्याची एक खोली होती, खोलीसमोर तारेच्या कुंपणातला जमिनीचा तुकडा होता, त्याला सगळे क्यारी म्हणत, आणि त्या तुकड्यात कुठेतरी वाकून काहीतरी करत असलेल्या पागे मॅडम होत्या. त्या नव्या मुलांकडे एकवार बघायच्या आणि म्हणायच्या, "आ गए? चलो, जूते उतारो."

मी त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा इंदूरच्या कापडगिरण्या चालू होत्या. आमच्याकडे त्यांना मिलच म्हणतात. शाळा मिलच्या चाळींना लागून होती. निम्म्याहून जास्त मुलं मिलमजुरांची. बाप खानदेशातून नाहीतर उत्तर प्रदेशातून आलेला, मुलं मात्र इथलीच, इंदुरी हिंदी बोलणारी, ज्वारी आणि बाजरीच्या कणसांतला फरक न ओळखणारी. त्यांना शेती शिकवायची होती.

पागे मॅडमचं नाव कुंदा. आम्ही दोघी मराठी म्हणून मी त्यांना कुंदाताई म्हणायला लागले, आणि त्या मला पहिल्याच आठवड्यात अगंतुगं करायला लागल्या. ठेंगणा बांधा, उन्हाने मानेपर्यंत रापलेला रंग, सुती साडी खोचलेली आणि पायात पीटीच्या मास्तरांसारखे कॅनव्हासचे बूट. ते कधीकाळी पांढरे होते. स्टाफरूममध्ये आल्या की आधी कोपऱ्यातला जुना पेपर घ्यायच्या, जमिनीवर अंथरायच्या, त्यावर पाय ठेवायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. मातीची ढेकळं पेपरावर पडत, फरशीवर नाही. जाताना पेपराची घडी करून घेऊन जायच्या. शिपाईबाईला त्यांच्यासाठी कधी झाडू हातात घ्यावा लागला नाही.

त्या झोपायच्या नाहीत. नुसत्या डोळे मिटून बसायच्या. कुणी विचारलं, "कशा आहात मॅडम?" तर तसंच म्हणायच्या, "चालू आहे." मोटर चालू आहे म्हणावं तसं. मी त्यांना कधी उत्साहात बघितलं नाही. शिकवतानासुद्धा नाही. पण तासाची घंटा झाली की त्या उठलेल्या असायच्या, अंगात कणकण असो की एप्रिलचं ऊन असो.

शेतीबद्दल लोक जे गोड बोलतात, त्याचा त्यांना कंटाळा होता. एकदा गॅदरिंगला आलेले पाहुणे माती ही आई कशी, यावर बरंच बोलले. दुसऱ्या दिवशी मी क्यारीकडे गेले होते, तेव्हा कुंदाताई मुलांना सांगत होत्या, "माँ-वाँ कुछ नहीं. ये काली मिट्टी है. गर्मी में इतनी फटती है कि हाथ चला जाए, और बारिश में जूता पकड़ लेती है. पहले इसको समझो, प्रणाम बाद में करना." मुलं हसली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एका मुलाला खरोखरच भेगेत हात घालायला लावला आणि आत किती गार लागतं ते सगळ्यांना सांगायला सांगितलं.

त्यांना स्वतःला शेत नव्हतं. अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या बाजूला धाकट्या भावाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत त्या राहायच्या. बाल्कनी नव्हती, कुंडी ठेवायलाही जागा नव्हती. वडील होळकरी अमदानीतले कारकून. मुलीने शिकावं असं त्यांना वाटत होतं, कॉलेजात जागा कृषीलाच होती, म्हणून तिकडे घातलं. मग खेड्यापाड्यांतून फिरायची सरकारी नोकरी आली तर आई जाऊ देईना. म्हणून शाळा. हे त्यांनी मला एकदा चहा पिता पिता तीन वाक्यांत सांगितलं आणि वर म्हणाल्या, "मलासुद्धा कृषी मिळालीच होती गं. मी कुठे घेतली." बाकीचे शिक्षक एग्रीच्या मुलांना येता-जाता टोमणे मारत, कुंदाताईंच्या तोंडून मी तसं कधी ऐकलं नाही.

मुलं मात्र त्यांना तोंडावर म्हणायची, "मैडम, हमको कौन सी खेती करनी है. हम तो मिल में लगेंगे." खरंच होतं ते. बाप निवृत्त झाला की मुलगा लागायचा. कुंदाताई म्हणायच्या, जरूर लगना, तब तक ये क्यारी खोदो. आणि मुलं खोदायची.

मग मिल बंद पडायला लागल्या. एकदम नाही. आधी एक पाळी गेली, मग पगार लांबले, मग एक दिवस फाटक उघडलंच नाही. लोक तरीही डबा घेऊन फाटकापर्यंत जायचे, दुपारपर्यंत उभे राहायचे, परत यायचे. दिल्लीत नवीन धोरण आलं होतं, पेपरात रोज त्याच्या बातम्या, राजवाड्याच्या बाजारात परदेशी वस्तूंची दुकानं लागायला लागली होती, आणि आमच्या वर्गात मुलं पहिल्या तासाला डोकं बाकावर टेकून बसायला लागली होती.

त्या हिवाळ्यात कुंदाताईंनी उगवणशक्तीचं प्रात्यक्षिक घेतलं. ओल्या तरटात हरभऱ्याचे दाणे गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी उघडायचं, कोंब किती आलेत बघायचं, की कळतं बियाणं कसं आहे. तरट उघडलं तर आत काहीच नाही. दोन गटांचं तसंच. कुणीतरी दाणे काढून खाल्ले होते. प्रयोगशाळेच्या शिपायाने चोर पकडायची तयारी केली. कुंदाताई तरट हातात धरून उभ्या राहिल्या. मुलांकडे बघत होत्या. पुढच्या बाकावरचे दोघे खाली बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "जो बीज दुकान से दवा लगा के आता है वो गुलाबी रहता है. वो कभी मुँह में नहीं डालना. मर जाओगे. समझे?" आणि तास संपवला.

दुसऱ्या दिवसापासून पत्र्याच्या खोलीत एका पातेल्यात भिजवलेले हरभरे असायला लागले. वर मिठाची पुडी. प्राचार्य चौबे सर फेरीवर आले तेव्हा त्यांनी विचारलं की हे एवढे चणे कशाला. कुंदाताई म्हणाल्या, उगवणशक्ती बघतोय. सर म्हणाले, रोज? त्या म्हणाल्या, "रोज बघावी लागते सर." चौबे सर वाईट माणूस नव्हते. ते पातेल्याकडे बघून निघून गेले आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

याच दिवसांत मुलांचे बाप कुंपणापाशी येऊन उभे राहायला लागले. घरात बसवत नसे, फाटकावर जाऊन उपयोग नसे. क्यारीत कुणीतरी काहीतरी करत असलेलं तिथून दिसायचं. त्यांत पुंडलिकभाऊ होते. विणाई खात्यातले कारागीर, बऱ्हाणपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातून तरुणपणी आलेले. त्यांचा दिलीप कुंदाताईंकडे अकरावीला होता. एक दिवस पुंडलिकभाऊंनी तारेबाहेरूनच विचारलं की मी निंदायला आत येऊ का, बसून बसून हात दुखतात. त्या म्हणाल्या या. मग ते रोज येऊ लागले. दुधीचे वेल मांडवाला बांधायचं काम त्यांनी घेतलं. तुटलेला धागा जोडायची जी गाठ असते, ती ते सुतळीला मारायचे. एका हाताने, बघायच्या आत. वेलाला काचायची नाही आणि सुटायचीही नाही. कुंदाताईंनी सगळ्या वर्गाला ती गाठ शिकायला लावली. पुंडलिकभाऊ लाजून हसले. मिल बंद झाल्यानंतर ते हसलेले मी तेवढेच बघितले.

भाऊ गावच्या जमिनीबद्दल बोलायचे. वडिलोपार्जित होती, त्यात त्यांचा हिस्सा होता, विहीर होती. थोरले भाऊ कसत होते. इकडे चाळीतलं घर कधी सोडावं लागेल सांगता येत नव्हतं. जाऊ की नको, असं ते कितीतरी दिवस करत होते. शेवटी त्यांनी कुंदाताईंनाच विचारलं. मी तेव्हा तिथेच होते, माझ्या वर्गासाठी पानं तोडत होते.

कुंदाताई म्हणाल्या, "जा भाऊ. जमीन आहे, पाणी आहे, पोरगा शिकून राहिलाय. इथे बसून काय होणार?"

दिलीप खरंच चांगला तयार झाला होता. वाफे आखावे तर त्यानेच. बारावीची परीक्षा झाली आणि ते तिघे, आई, बाप आणि मुलगा, सामान बांधून गेले. जाण्याआधी दिलीप शाळेत पाया पडायला आला. कुंदाताईंनी त्याला सोयाबीनचं चांगलं बियाणं दिलं, पिशवीचं तोंड त्याच गाठीने बांधलेलं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याशी बोलत बसल्या. त्यांनी इतक्या वर्षांत शिकवलेल्या मुलांपैकी कुणी शेती करायला गेल्याचं त्यांना हे पहिलंच माहीत होतं.

दिवाळीनंतर दिलीप परत आला. एकटाच. आम्ही दोघी पत्र्याच्या खोलीत होतो. तो दारात उभा राहिला, कुंदाताईंनी आत बोलावलं तरी आला नाही. खूप काळवंडला होता. सोयाबीनचं काय झालं, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकवलं ते सगळं खरं आहे. पण तिथं ते करू देत नाहीत."

काकांनी विहिरीजवळची जमीन दिली नव्हती. नाल्याकडेची मुरमाड पट्टी दाखवली होती, जिथे आजवर कुणी नांगर घातला नव्हता. बियाणं उगवलं आणि पावसाने ओढ दिली तेव्हा जळून गेलं. विहिरीचं पाणी मागितलं तर मिळालं नाही. आई माहेरी गेली होती. बाप काकांच्याच शेतात मजुरीला जात होता. हे सगळं तो तक्रार न करता सांगत होता, एखाद्या दुसऱ्याच घराबद्दल सांगावं तसं. त्यामुळे ऐकवत नव्हतं.

कुंदाताईंनी त्याला चणे दिले. तो खात असताना त्या बाहेर क्यारीत जाऊन उभ्या राहिल्या. मग येऊन मला म्हणाल्या, "रविवारी माझ्यासोबत चलशील? एकटी बाई गेली तर ते लोक धड बोलणार नाहीत."

आम्ही बसने गेलो. दिलीप सोबत होता. गावात थोरल्या भावाने आम्हाला खाटेवर बसवलं, चहा दिला. म्हातारा होत आलेला, ताठ माणूस. मला वाटलं होतं कुणीतरी दुष्ट भेटेल. तसं काही नव्हतं. कुंदाताईंनी सरळ मुद्दा काढला, की पुंडलिकभाऊंचा हिस्सा आहे, मुलगा शिकलेला आहे, विहिरीकडचा थोडा तुकडा त्याला द्या, तो तुम्हालाही मदत करेल. थोरल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"मॅडम, हा इंदूरला गेला तेव्हा आईबाप माझ्याकडे राहिले. विहीर मी खणली, एक पोरगा तिच्यात गमावला. याला महिन्याच्या महिन्याला पगार होता, तेव्हा आम्ही काही मागायला आलो नाही. आता मिल बंद झाली म्हणून याला शेत आठवलं. तुम्ही सांगा, मी कुणाचं पाणी तोडून याला देऊ?"

पुंडलिकभाऊ बाजूला भिंतीशी बसले होते. ते मान खाली घालून सुतळीच्या तुकड्याशी चाळा करत होते. कुंदाताईंनी त्यांच्याकडे बघितलं, थोरल्याकडे बघितलं. वर्गात मुलगा काही विचारायचा तेव्हा त्या लगेच उत्तर देत. तिथे त्यांनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "ती पट्टी तरी दाखवा."

नाल्याकडेला दगडगोटेच होते. त्या बूट काढून त्यावर चालल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ठिकठिकाणी बसून माती हातात घेतली, चुरली, टाकून दिली. परत येऊन पुंडलिकभाऊंना म्हणाल्या की इथे धान्य घेऊ नका, सीताफळ लावा, शेवगा लावा, ते धरेल. पुंडलिकभाऊंनी विचारलं, सीताफळाला किती वर्षं लागतात. त्या म्हणाल्या तीन-चार. ते नुसते हं म्हणाले. तेवढी वर्षं पोट कशावर भरायचं हे त्या उत्तरात नव्हतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची काच खडखडत होती. घाट चढताना मी कुंदाताईंकडे बघितलं. मला वाटलं डोळे मिटून बसल्या असतील, तर डोळे उघडे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंजू, आमच्या अख्ख्या पुस्तकात भाऊ हा शब्द नाही."

मी म्हटलं, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं.

"चांगल्यासाठीच," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं शिकवून राहिले. खत किती, पाणी किती, बियाणं किती खोल. जमीन कुणाच्या हातात आहे ते एकदा विचारलं नाही मी त्यांना. जा म्हटलं."

त्यानंतर त्यांनी कुणालाही जा म्हटल्याचं मी ऐकलं नाही. इंदूरच्या छावणी भागात बी-बियाण्यांची, औषधांची दुकानं आहेत. अशा दुकानदारांशी त्यांचं कधी पटलं नव्हतं, कारण ते शेतकऱ्याला गरज नसताना फवारे विकतात असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही दिलीपला घेऊन त्या तीन-चार दुकानांत गेल्या, आणि एकाने त्याला ठेवून घेतलं. आई मुलाकडे आली. पुंडलिकभाऊ गावातच राहिले. पट्टीवर त्यांनी शेवगा लावला एवढं दिलीपकडून कळलं. तो किती धरला, ते कुंदाताईंनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

एक मात्र झालं. नवीन वर्गाचा पहिला तास त्या आता क्यारीत घेत नसत. मुलांना खोलीत बसवून एकेकाला विचारायच्या की तुमचं गाव कुठलं, तिथे जमीन आहे का, ती कोण कसतं, त्याची मुलं किती, तुझा बाप तिथे शेवटचा केव्हा गेला होता. मुलं आधी खुसुखुसू हसायची. मग एखादा उत्तर देता देता थांबायचा. अभ्यासक्रमात हे कुठेच नव्हतं आणि परीक्षेत आलंही नसतं. चौबे सरांनी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जमिनीची माहिती घेऊन राहिले सर."

शाळेत मुलं कमी व्हायला लागली होती. ज्यांना परवडत होतं ते इंग्रजी माध्यमाकडे पळत होते. शाळेच्या समितीवर नवीन अध्यक्ष आले, कापडाचा नाही, जमिनीचा धंदा असलेले. त्यांनी ठरवलं की शाळा वाचवायची तर कॉम्प्युटर पाहिजेत, कॉम्प्युटरला इमारत पाहिजे, आणि इमारतीला जागा मागेच आहे. यात चुकीचं काही नव्हतं, हे कुंदाताईही मान्य करायच्या. कृषीला त्या वर्षी नवीन प्रवेश दिलेच नव्हते. बारावीची एक तुकडी तेवढी उरली होती.

भूमिपूजन वसंत पंचमीला ठरलं. क्यारीत गहू उभा होता, दाणा दुधात आलेला. कुंदाताई अध्यक्षांना भेटायला गेल्या आणि होळीपर्यंत थांबायची विनंती केली. मुलांचं प्रात्यक्षिक त्याच गव्हावर होतं. अध्यक्ष अदबीने बोलले. खुर्ची दिली. म्हणाले, "मैडम, जरा सी तो जगह है. आपको गेहूँ चाहिए तो मैं बोरी भिजवा देता हूँ."

त्या परत आल्या, स्टाफरूममध्ये पेपर अंथरला, पाय ठेवले. मला वाटलं आता चिडतील. आमच्यातल्या एकदोघांनी सह्या गोळा करू म्हणून सांगितलं, मुलांना घेऊन बसू म्हणाले. त्यांनी मान हलवली. "कशासाठी? गहू पिकेल, मग? पुढच्या वर्षी मुलंच नाहीत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तुडवू द्यायचा नाही."

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलांना विळे आणायला सांगितलं. सकाळी एक-एक चौरस मीटर आखून ओंब्या मोजायला लावल्या, दाणे मोजायला लावले, पिकला असता तर किती पिकला असता याचा अंदाज काढायला लावला. तेच प्रात्यक्षिक, तेच मार्क. मग सगळा गहू हिरवाच कापला. काडी गोठ्यासाठी एक गवळी घेऊन गेला, आणि ओंब्या मुलांनी मैदानाच्या कडेला काट्याकुट्या पेटवून भाजल्या. माळव्यात अशी भाजलेली उंबी सगळ्यांनाच आवडते. वास शाळाभर गेला. वर्ग सुटले, मुलं आली, आम्ही शिक्षक आलो, शिपाई आले. चौबे सर आले, तळहातावर ओंबी चोळून, फुंकर मारून खायला लागले. कुंदाताई सगळ्यांना वाटत होत्या. स्वतः खाल्ल्या की नाही मी बघितलं नाही. धुराने डोळे लाल झाले होते, आणि त्या पदराने पुसत होत्या. जेवणावळीत शेवटच्या पंगतीला असतात तसे सगळे जरा थकलेले, जरा अवघडलेले होते. दुसऱ्या दिवशी मंडप आला तेव्हा तिथे नुसते खुंट होते.

उरलेली तुकडी त्यांनी व्हरांड्यात शिकवली. रोपं डालड्याच्या रिकाम्या डब्यांत. बोर्डाचे परीक्षक आले, त्यांना वाटलं थट्टा आहे. मुलं मात्र पास झाली, सगळी.

मग कुंदाताईंना विषयच उरला नाही. निवृत्तीला काही वर्षं होती. कॉम्प्युटरच्या खोलीला प्रभारी पाहिजे होता, किल्ली सांभाळायला, धूळ येऊ न द्यायला. तरुण शिक्षकांना ते कमीपणाचं वाटत होतं, कुंदाताईंना नाही. त्यांनी घेतलं. त्या खोलीत गार हवा होती आणि दाराबाहेर चपला काढाव्या लागायच्या. मी कधी जात असे तर त्या खुर्चीवर बसलेल्या दिसायच्या, अनवाणी. मशीनवरची कव्हरं नीट काढून, घडी करून ठेवलेली. मुलं बोटांनी काहीतरी खटखट करत असायची. एकदा मला म्हणाल्या की पाय इतके स्वच्छ झालेत की माझे वाटत नाहीत. मी हसले. त्या आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

निरोपसमारंभाला शाल, श्रीफळ, हार झालं. बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी शिकवलेल्यांपैकी किती जण शेती करतात मला माहीत नाही. कुणाला माहीत असलं तर सांभाळून सांगा." टाळ्या वाजवायच्या की नाही हे कळायला आम्हाला वेळ लागला.

मग भेटी विरळ झाल्या. माझी बदली दुसऱ्या शाखेत झाली, त्यांचा भाऊ गेला, त्या त्याच खोलीत राहिल्या. फोनवर विचारलं तर म्हणायच्या, चालू आहे.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते शहराबाहेरच्या नव्या रस्त्यावर. पावसाळा निम्मा झाला होता, दुपारची उघडीप होती. मी नगरसेवेच्या बसने माहेरी चालले होते. बस सिग्नलला थांबली आणि रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर मला एक बाई जमिनीवर बसलेली दिसली, पांढरे केस, सुती साडी. शेजारी पालिकेच्या कंत्राटदाराचा माणूस उभा राहून काहीतरी सांगत होता. मी उतरले.

त्या दिवशी तिथे वृक्षारोपण झालं होतं. मंत्री येऊन गेले होते, बॅनर अजून लटकत होता. कुंदाताई एक रोप खड्ड्यातून वर काढून त्याच्या मुळाभोवतीची काळी प्लॅस्टिकची पिशवी फाडत होत्या. नखांनी फाटेना म्हणून दात लावले. कंत्राटदाराचा माणूस म्हणत होता, "माताजी, हो गया ना. फोटो भी खिंच गए. अब रहने दो." तो उद्धट नव्हता. त्यालाही घरी जायचं होतं.

मी जवळ गेले तर त्यांनी मला ओळखलं, पण नवल वाटल्यासारखं केलं नाही. रोप मला दाखवून म्हणाल्या, "पिशव्या काढल्याच नाहीत बघ. तशीच पुरली. मूळ आतल्या आत गोल फिरत राहील."

मी विचारलं, सगळीच? त्यांनी मान वर केली. दुभाजक लांबवर गेला होता, चढावरून पलीकडे, आणि दिसेल तिथपर्यंत हिरवी टोकं उभी होती. त्यांनी ती सगळी रांग बघितली. चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी जड पिशवी उचलण्याआधी थांबतं तशा त्या थोडा वेळ थांबल्या. मग हातातलं रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, तळव्याने दाबली.

मी म्हटलं, चला कुंदाताई, मी रिक्षा करते, घरी सोडते तुम्हाला.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मला उशीर होईल."

मागून दुसरी नगरसेवा येत होती. कंडक्टरने हाक मारली म्हणून मी चढले. बस गर्दीने भरलेली होती. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा त्या गुडघ्यावर हात टेकून उठत होत्या. कंत्राटदाराचा माणूस निघून गेला होता. त्या पुढच्या रोपापाशी गेल्या आणि खाली बसल्या.